घाटीवरचा थांबा

मालवणाहून चौक्याकडे येताना एक घाटी लागे. रस्ता रुंद केला तेव्हा तिची निम्मी उंची छाटून टाकली, त्यामुळे आजच्या गाड्यांना ती कळतही नाही. पण गोवा मोकळा व्हायच्या आधीच्या त्या वर्षांत घाटी म्हणजे घाटीच होती. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाची दरड, मधून गाडीपुरता तांबडा रस्ता, आणि चढ असा की बाजारातून डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या बाया निम्म्यावर टेकल्याशिवाय वर पोचत नसत. त्या निम्म्यावरच रस्त्याच्या एका कडेला राखणदाराचा पाषाण होता आणि समोरच्या कडेला आनंदीबाईचं घर.

राखणदार नेमका तिथे का बसला, तर बैलांसाठी, असं जुनी माणसं सांगत. भरलेली गाडी ओढून बैल निम्म्यावर आले की त्यांच्या तोंडाला फेस येई. मग गाडीवान खाली उतरून चाकामागे दगड लावी, बैलांना उसंत देई, आणि तेवढ्या वेळात पाषाणापुढे विडा ठेवी. विडा नसला तर आंब्याच्या पानांचा टाळा. देवाचं देवाला, बैलांचं बैलांना. तो चाकामागे लावायचा दगडसुद्धा ठरलेला होता, आनंदीबाईच्या अंगणाभोवतीच्या दगडी गडग्यापाशी पडलेला असे, आणि आल्यागेल्यानं तो वापरून परत जागेवर ठेवायचा अशी रीत होती.

पाषाणापुढे तिन्हीसांजेला दिवा लावायचा मान आनंदीबाईच्या सासरच्या घराण्याचा. तिचा घोव गेला तेव्हा मुलगा धोंडू रांगत होता. मान चुकू नये म्हणून तिनेच हातात दिवा घेतला, तो पुढे तिच्याच हातात राहिला. धोंडू मोठा झाला, कोल्हापुराला जाऊन मोटार चालवायला शिकला, तरी आईच्या हातातला दिवा त्याने कधी मागितला नाही. तो म्हणे, राखणदार तिच्याशीच बोलतो, मला ओळखत पण नाही.

जानकी या घरात सून म्हणून आली ती वालावलीहून. तिथे घराच्या मागे खाडी, वारा सदाचा. इथे दरडींच्या मधोमध वाराच नाही, यानं तिला पहिल्या दिवसांत फार कोंडल्यासारखं होई. सासूला तिने हे एकदा सांगितलं, तर आनंदीबाई म्हणाली की वारो नाय तर नाय, माणसां तरी दिसतत. आणि खरंच, रस्त्यावरून जाणारं प्रत्येक माणूस घरापुढच्या खळ्यात डोकावून दोन शब्द बोलल्याशिवाय वर जात नसे.

धोंडू मालवणच्या एका शेठची लॉरी चालवी. आधीची गाडी पेट्रोलची होती, ती चढाला कुरकुरे. मग शेठनं डिझेलची नवी गाडी घेतली. तिच्या पुढच्या पट्टीवर धोंडूनं स्वतःच्या हातानं हळद-कुंकू लावलं. गाडी शेठची, पण तो तिला माझी गाडी म्हणे, आणि जानकीलाही तसंच म्हणायला लावी. मोसमात आंब्याच्या पेट्या, एरवी नारळ, त्यांची सोडणं, सुकी मासळी भरून तो घाटीनं वर जाई, पुढे फोंडा घाट चढून कोल्हापूर. परतीचा गूळ-कांदा वेंगुर्ल्याला उतरवायचा असे, म्हणून उतरायचा तो आंबोलीनं. म्हणजे घाटीवरून तो नेहमी चढतीलाच जाई. पावसाळ्यात शेठ गाडी देशावरच भाड्यानं ठेवी. गणपतीला धोंडू घरी आला तर आला.

मोसमात शेठ गाडीला श्वास घेऊ देत नसे. मालवणात गाडी आली की लगेच माल चढायचा. घर तीन कोसांवर असून धोंडूला पाठ टेकायला घरी येता येत नसे. वाटेत कुठे थांबलास, का थांबलास, याचा जाब द्यावा लागे. फक्त राखणदारापाशी थांबण्याबद्दल शेठनं कधी विचारलं नाही. कोकणातल्या कुठल्या शेठची छाती होणार?

म्हणून तो थांबा. घाटीच्या पायथ्याला भोंगा वाजला की आनंदीबाई पडवीतून उठे. तांब्यात पाणी, वर वाटीत गुळाचा खडा. जानकी गडग्यापाशी जाऊन दगड उचलून तयार राही. गाडी गुरगुरत येई, पाषाणासमोर थांबे, आणि जानकी मागच्या चाकाला दगड सारी. इंजिन बंद करायचं नाही, कारण बॅटरी मरतुकडी, बंद केलं तर पुन्हा सुरू होईलच असं नाही. धोंडू उडी मारून उतरे, विडा ठेवी, हात जोडी, रस्ता ओलांडून आईच्या पाया पडे. ती पदरानं त्याची मान पुशी आणि दर खेपेला तेच विचारी, जेवलंस काय रे. तो दर खेपेला तेच खोटं बोले. गुळाचा खडा तोंडात टाकून तो परत वर चढे.

मग जानकी दगड काढी, आणि धोंडू गाडी उचली. पेट्यांनी भरलेली गाडी चढावर उभ्यानं उचलायची म्हणजे पाय पार खाली दाबावा लागे. गाडी थरथरे, आणि मागून काळा धूर सुटे, आषाढातल्या ढगासारखा. दरडींच्या मधे तो अडकून पडे आणि वाट काढत काढत आनंदीबाईच्या पडवीत शिरे. धोंडूला त्या धुराचा अभिमानच होता. धूर सोडते म्हणजे गाडीत ताकद आहे, असं सगळेच ड्रायव्हर त्या काळी मानत. मोसमाच्या आधी शेठच मिस्त्रीकडून पंपाचा स्क्रू पिळून घेई, डिझेल जास्त जावं, जास्त पेट्या चढाव्यात म्हणून.

आनंदीबाई खोकू लागली ती गाडी आल्याच्या दुसऱ्या वर्षी. आधी सकाळी थोडा, मग दिवसभर. मालवणच्या डॉक्टरांनी पुड्या दिल्या आणि चुलीच्या धुरापासून दूर ठेवा म्हणून सांगितलं. जानकीच्या जिवाला ते लागलं, कारण चूल तिची. तिने चूल उचलून मागीलदारच्या मांगरात नेली, ओल्या लाकडाचं नाव काढलं नाही, भाकरी भाजताना धूर कुठे जातो ते बघायला शिकली. खोकला काही हटला नाही. लांबून चालत आलेलं माणूस धापा टाकतं, तशी म्हातारी बसल्या जागी धापा टाकू लागली.

तेव्हा परशुराम गावकराला बोलावलं. गावच्या देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. विड्याच्या पानावर तांदूळ ठेवून त्याने पाषाणाकडे बराच वेळ बघितलं आणि मग सांगितलं की, पूर्वी एकही बैलगाडी इथे थांबल्याशिवाय पुढे जात नव्हती. आता सतरा गाड्या येतात आणि भोंगा वाजवून निघून जातात. राखणदार उपाशी आहे. मानकरणीला त्रास होणार नाही तर कोणाला होणार?

धोंडूला ते पटलं. जानकीलाही पटलं, हे खरं ते सांगायला हवं. धोंडूनं राखणदाराला शब्द दिला की, या घाटीवरून चढणारी प्रत्येक गाडी इथे थांबेल आणि विडा ठेवूनच पुढे जाईल. आणि तो शब्दाला जागला. मालवणच्या बंदरावर, चौक्याच्या चहाच्या टपरीवर, कसालच्या नाक्यावर, जिथे जिथे ड्रायव्हर भेटे तिथे तो हात जोडून सांगे, माझ्या आईसाठी थांबा रे. धोंडू सगळ्यांना प्रिय होता. आणि राखणदाराला नको म्हणणारा कोण? त्या मोसमात आंब्याच्या, चिऱ्यांच्या, लाकडांच्या, झाडून सगळ्या गाड्या पाषाणासमोर थांबू लागल्या. जानकी पेजेचं भांडं अर्ध्यावर ठेवून दगड लावायला धावे. ड्रायव्हर उतरत, विडा ठेवत, कशी आसा आये म्हणून विचारत, आनंदीबाई सगळ्यांना पाणी देई. आणि एकेक गाडी चढावर उभ्यानं उचलली जाई.

बाबली नावाचा एक चिऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हर होता, तोंडाचा फाटका. तो म्हणे, म्हातारे, तुझ्या खळ्यात आता लग्नाच्या वरातीपेक्षा जास्त गर्दी. आनंदीबाई म्हणे, होय रे बाबा, आणि डोळ्यात काजळ घालायचंही काम उरलं नाही, रस्ताच घालतो. सगळे हसत. ती हसली की खोकत असे, म्हणून पुढे पुढे तिला हसवणं लोकांनी सोडलं.

पाऊस आला, गाड्या थांबल्या, रस्ता चिखलानं बंद झाला. म्हातारी सुधारली. श्रावणात तर ती स्वतः उठून पाषाणापाशी जाऊन दिवा लावू लागली. राखणदार पावला असं घरात सगळे म्हणाले. दिवाळी झाली, गाड्या सुरू झाल्या, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत ती पुन्हा पडवीच्या खांबाला टेकून बसली.

जानकीच्या लक्षात आलं ते पाषाण धुताना. दर सोमवारी नारळाच्या सोडणानं ती तो घासून काढी. तांबडी धूळ तर त्या रस्त्याला जन्माचीच, पाण्याचा एक हात मारला की वाहून जाते. पण त्या सोमवारी पाणी काळं वाहिलं. तिने पुन्हा घासलं, पुन्हा काळं. बोटाला लागलं ते पुसायला गेली तर पुसलं न जाता पसरलं. तसंच काळं तिने आदल्या दिवशी पाहिलं होतं, सासूच्या पदराला, जिथे ती तोंड धरून खोकत असे. तेव्हा तिला वाटलं होतं, तव्याचं लागलं असेल.

नवऱ्याला हे तोंडानं सांगायचं कसं, हा प्रश्न होता. गाडीला नाव ठेवणं म्हणजे धोंडूला नाव ठेवणं. तिने त्याचा धुतलेला पांढरा पंचा ओलाच गडग्यावर वाळत घातला, गाडी यायच्या आधी. धोंडू आला, थांबला, गेला. बाबली आला, थांबला, गेला. पुढच्या खेपेला धोंडू पाया पडून उठला तेव्हा तिने तो काळवंडलेला पंचा त्याच्या हातात दिला.

धोंडूनं पंचा उलटून पाहिला, सुलटून पाहिला. मग आईकडे पाहिलं. ती गुळाची वाटी घेऊन उभी होती.

"माझ्या गाडयेचो?" त्याने विचारलं.

"तुमच्या एकट्याच्या नाय," जानकी म्हणाली. "पण तुमच्या पण."

त्या दिवशी त्याने गूळ खाल्ला नाही. गाडी उचलताना पाय हलका दाबायला गेला, गाडी मागे घसरली, जानकीने दगड परत लावला, आणि शेवटी नेहमीसारखाच पाय दाबून, नेहमीसारखाच धूर सोडून तो गेला. वर गेल्यावर त्याने मान बाहेर काढून मागे पाहिलं. जानकीला ते दिसलं, कारण तीही धुरातून त्याच्याकडेच पाहत होती.

त्यानंतर धोंडू काय काय करत फिरला ते गावाला नंतर कळलं. कोल्हापुरात त्याने पदरमोड करून नोझल साफ करून घेतले. हवेची जाळी काढून डिझेलात धुतली, ती तांबड्या धुळीनं इतकी भरली होती की इंजिनाला हवाच मिळत नव्हती, आणि हवा नसली की डिझेल जळतच नाही, काजळी होऊन बाहेर पडतं. पंपाचा स्क्रू मागे घ्या, चार पेट्या कमी भरा, म्हणून शेठकडे गेला. शेठ म्हणाला, पेट्या कमी करायच्या तर ड्रायव्हरही कमी करीन. बाकीच्या ड्रायव्हरांना त्याने जाळ्या धुवायला सांगितलं तेव्हा बाबलीने सगळ्यांसमोर विचारलं, "मगे आता काय रे धोंडू, गाडयेक उटणा लावून न्हाणूया? की बैल जुपूया?" धोंडू म्हणाला, "जुपूक गावले तर जुप." त्यानंतर बाबलीनेही जाळी धुतली, असं म्हणतात.

धूर थोडा कमी झाला. पण उभी गाडी भरल्या मालानं चढावर उचलायची म्हटल्यावर तो सुटणारच, हे धोंडूला कळून चुकलं. बैलाला निम्म्यावर उसंत हवी. डिझेलच्या गाडीला ती नको. तिला सपाटीवरून पळवत आणावं, वेळेवर खालचा गिअर घालावा, आणि मधे न थांबता वर न्यावं, म्हणजे ती अंगातला धूर फार बाहेर काढत नाही. म्हणजे राखणदाराचा थांबा पायथ्याला न्यायला हवा. पाषाण हलवायचा नाही, तो हलत नाही. पण पायथ्याच्या सपाटीवर दुसरा दगड पुजून, विडा तिथे ठेवायला देवाचा कौल घेता येतो. परशुराम गावकर म्हणाला, कौल मी लावतो, पण मानकरणीनं तोंडानं हो म्हटलं पाहिजे. तिच्या घराण्याच्या मानाची जागा आहे.

आनंदीबाईनं हो म्हटलं नाही.

धोंडूनं विनवलं, गावकरानं समजावलं, तिने मान हलवली ती आडवीच. तो मोसम तसाच गेला. आता धोंडू गाडी थांबवी ती अपराध्यासारखी, पाणी प्यायचा आणि लवकर निघायचा. लवकर निघालं तरी धूर तेवढाच. सगळ्यांना वाटलं, म्हातारी देवभोळी आहे, देवाला जागचं हलवायचं पाप नको म्हणते.

एका दुपारी जानकी तिच्या पाठीला कोमट तेल चोळत होती. फासळ्या एकेक मोजता याव्यात अशी पाठ झाली होती.

"आये," ती म्हणाली, "विडो खाली ठेवलो तर देवाचा काय जातला?"

"देवाचा काय जावचा नाय."

"मगे?"

आनंदीबाई जरा वेळ श्वासच गोळा करत राहिली. "माझा जातला," ती म्हणाली. "शेठ देवासाठी गाडी थांबवूक देता. माझ्यासाठी, आवशीसाठी, देवचो नाय. थांबो खाली गेलो काय तो खाली उतरतलो, खालीच चढतलो. माका भोंगो तेवढो ऐकाक येतलो."

जानकीचा हात थांबला.

"धूर माका दिसता गो," म्हातारी म्हणाली. "मी काय आंधळी आसंय? तुझ्या पंच्याच्या आधीपासून दिसता. पण धुराच्या आधी माझो झील येता."

जानकीने हे कोणालाही सांगितलं नाही, धोंडूला तर नाहीच. सांगितलं असतं तर त्याने काय केलं असतं? नोकरी सोडली असती, नाहीतर दर खेपेला तिथे रडत बसला असता. तिने तेल चोळून संपवलं, आणि संध्याकाळी म्हातारीचा हात धरून तिला दिवा लावायला घेऊन गेली.

हो म्हणायला लावलं ते सावित्रीने. ही जानकीची मुलगी, पाचेक वर्षांची. ती दिवसभर खळ्यात खेळे आणि गडग्यावर साचलेल्या काजळीत बोट घालून चिऱ्यावर रेघा ओढी. भातकापणीनंतर गाड्या सुरू झाल्या आणि एका सकाळी ती खोकली. पोरं खोकतात, त्यात काही नाही. पण ती तोंडावर फ्रॉक धरून, कमरेत वाकून, अगदी आजीसारखी खोकली. कदाचित नक्कलच करत होती. आनंदीबाई पडवीतून बघत होती. तिने जानकीला हाक मारली आणि म्हणाली, परशुरामाक बोलव.

पायथ्याच्या सपाटीवर, एका जुन्या काजूच्या झाडाखाली दगड पुजला. परशुराम गावकरानं राखणदाराच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे एकेक कळी पाण्यानं चिकटवली. उजवी आधी पडली तर देवाचा होकार. मग त्याने गाऱ्हाणं घातलं, आवाज चढवून, जसं त्याच्या बापजाद्यांनी घातलं तसं.

"बा देवा म्हाराजा, बारा वाटांच्या राखणदारा…"

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आजपर्यंत बैलांसाठी तू अर्ध्या घाटयेर बसलंस. आता बैल गेले, धुराच्ये गाडये इले. तुझ्या लेकरांका श्वास गावना नाय. तुझो विडो आजपासून खाली ठेवतत, तो गोड मानून घे, आणि ह्या घराची आदी होती तशीच राखण कर रे म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा."

धोंडू त्या दिवशी मुद्दाम रजा काढून आला होता. कळीकडे बघत तो ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होता. उजवी कळी पडली. धोंडू लहान मुलासारखा हसला आणि आईकडे वळला. आनंदीबाईही हसली. जानकी तेवढी खाली बघत होती.

तो मोसम चांगला गेला, असंच म्हणावं लागेल. गाड्या खाली थांबत. ड्रायव्हर विडा ठेवत, आणि मग सपाटीवरून धाव घेऊन, खालच्या गिअरमध्ये एका दमात घाटी चढून जात. मागे धूर राही तो राखाडी, विरळ, दरडीवरच्या झाडांपर्यंत जाऊन विरे. कोणी नवखा ड्रायव्हर सवयीनं निम्म्यावर थांबला तर दुसरे त्याला रागावत, आणि सगळ्यांत जास्त रागावे धोंडू. नियम त्याचाच, त्यालाच तो मोडता येत नव्हता. खळ्यासमोरून जाताना तो दोनदा भोंगा वाजवी आणि हात बाहेर काढी. गाडी थांबवायची नाही, पाय उचलायचा नाही, नाहीतर पुन्हा दाबावा लागतो.

जानकी सोमवारी पाषाण धुई तेव्हा पाणी तांबडं वाही. गडग्यापाशी पडलेल्या दगडाला शेवाळ धरू लागलं. आनंदीबाईचा खोकला कमी झाला, सावित्रीचा तर राहिलाच नाही. म्हातारी दुपारी धुवट लुगडं नेसून पडवीच्या पुढच्या कडेला येऊन बसे. कशासाठी, हे जानकीला माहीत होतं. धोंडूची गाडी वर जाई, हात दिसे न दिसे. मग ती उठून आत जाई. गुळाची वाटी फडताळात तशीच असे. एकदा मुंग्या लागल्या तेव्हा जानकीने ती धुवून ठेवली आणि नवा गूळ भरून ठेवला.

पण छातीत आधीच जे साचलं होतं, ते कुठे जाणार? कळी पडली तरी मागचा धूर परत जात नाही. आंब्याच्या ऐन मोसमात एका दुपारी आनंदीबाई जेवणावरून उठली आणि खांबाला धरून खाली बसली ती पुन्हा उठली नाही. जानकीने तिला पडवीतच घोंगडीवर निजवलं. सावित्रीला गावकराच्या घरी पिटाळलं, कोणाला तरी बोलव म्हणून. म्हातारीचा श्वास वर वर, गळ्यापाशीच हलत होता. तिने जानकीचा हात धरला होता.

तेवढ्यात खाली भोंगा वाजला. धोंडूचाच. जानकीला त्याचा भोंगा हजारात ओळखू येई.

खाली तो विडा ठेवत असणार. धावत गेलं तर उताराला वेळ लागत नाही. जानकी उठायला गेली, पण हातातला हात सुटेना. म्हातारीच्या अंगात कुठून एवढं बळ होतं कोण जाणे. जबरदस्तीनं सोडवावा तर तिच्याकडे बघवेना. आये, मी हयंच आसंय, ह्यांका बोलावून हाडतंय, असं म्हणत म्हणत जानकीने एकेक बोट उलगडलं. खाली इंजिनाचा आवाज चढला. ती खळं ओलांडून गडग्याच्या बाहेर आली तेव्हा गाडी घाटीत शिरली होती. ती आता हळू येत नसे. धाव घेऊन यायची, तशीच आली. जानकीने दोन्ही हात वर करून हलवले, ओरडली, पण भरल्या गाडीच्या आवाजात तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. धोंडूनं तिला बघितलं. दात दिसतील असा हसला, दोनदा भोंगा वाजवला, हात बाहेर काढून हलवला, आणि वर गेला. मागे धूर असा नव्हताच.

जानकी परत आत आली. आनंदीबाईचे डोळे दाराकडेच होते.

"गेलो?"

"गेलो."

"धूर?"

"नाय, आये."

"बरा," आनंदीबाई म्हणाली. गावकरीण येऊन पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

धोंडूला कळलं ते वेंगुर्ल्यात, गुळाच्या ढेपी उतरवताना. निरोप कुठून कुठून फिरत गेला होता. तो रिकामी गाडी घेऊन निघाला, आणि शेठचा रस्ता सोडून या बाजूनं आला. चौक्याकडून घाटी उतरत तो गाडी घेऊन पहिल्यांदाच येत होता. घरासमोर गाडी थांबवून त्याने इंजिन बंद केलं. बॅटरीचं काय होईल ते होवो. तोवर आनंदीबाईला पोचवून लोक परतले होते. धोंडू पडवीच्या त्या कडेला, जिथे ती बसायची, तिथे बसला.

"तू हात केलंस," तो जानकीला म्हणाला. "माका वाटला, आये बरी आसा म्हणान सांगतंस."

जानकीने फडताळातून गुळाची वाटी आणली आणि त्याच्यापुढे ठेवली. त्याने खडा उचलला, तोंडात टाकला, आणि मग रडला.

दिवसकार्य झालं, शेठचं माणूस येऊन गेलं, गाडी न्यायलाच हवी होती. जायच्या दिवशी धोंडूनं पाषाणापुढे दिवा लावला, कारण आता तो मान त्याच्याकडे आला होता. मग तो गाडीत चढला. चावी लावली, पण फिरवली नाही. रस्त्याच्या उताराकडे बघत थोडा वेळ बसला. मग ब्रेक सोडला. रिकामी गाडी आपोआप हलली, जानकीच्या समोरून, गडग्याच्या समोरून, काही आवाज न करता घाटीनं खाली गेली. सावित्रीने हात हलवला. जानकी गडग्यापाशी उभी राहून ऐकत होती. बऱ्याच वेळानं, खाली सपाटीवर, काजूच्या झाडापाशी, इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.